कोरे पाय

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीला पेंग्विनांचं वेड लागलं होतं. मार्च २०१७मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनांचं दालन लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा ती शाळेत होती. आईचा हात धरून विरारहून दादर, दादरला गाडी बदलून भायखळा, आणि मग भर उन्हातली लांबलचक रांग. काचेपुढे उभं राहायला मिळालं ते थोडाच वेळ, मागून माणसं ढकलत होती. पण तेवढ्यात एक पेंग्विन पाण्यात शिरला आणि काचेला जवळजवळ घासून असा सपकन निघून गेला की मुलगी बघतच राहिली. जमिनीवर डुलत, अडखळत चालणारं ते पाखरू पाण्यात कुणी दुसरंच होतं. घरी आल्यावर तिने वहीत, पुठ्ठ्यांवर, बाबांच्या डिझेलच्या पावत्यांमागे पेंग्विन काढायला घेतले, ते पुढे कधी थांबलंच नाही.

बारावीनंतर तिने प्राणिशास्त्र घेतलं. अंटार्क्टिकाला जायचं आणि तिथल्या पेंग्विनांचा अभ्यास करायचा, हे तिने घरात जाहीर करून टाकलं होतं. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१मध्ये गोव्याहून निघाली, आजही या मोहिमांचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो, अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ अशी आपली दोन केंद्रं आहेत, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. कॉलेजच्या चित्रस्पर्धेत तिच्या पेंग्विनांच्या मोठ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. निळसर बर्फाचे कडे, त्यावर ओळीने उभे पेंग्विन, मागे मावळतीचं आभाळ. ज्याने पाहिलं त्याने वाहवा केली.

ते चित्र गुंडाळून ती वसई गावात राहणाऱ्या एका बाईंकडे गेली. बाई प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या कपाटात पुस्तकांपेक्षा वह्या जास्त होत्या: नायगावची मिठागरं, भुईगाव, राजोडी, कळंब, तुंगारेश्वर, अशी कण्यावर नावं घातलेल्या. बाईंनी चित्र टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

“हात चांगला आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “हे राणीच्या बागेतलेच ना?”

“हो बाई.”

“छातीवर एकच काळा पट्टा, चोचीच्या मुळाशी उघडी गुलाबी कातडी. म्हणजे हंबोल्ट. हे तू नीट पाहिलंयस. मग हा बर्फ कुठे पाहिलास?”

मुलगी गोंधळली. “पेंग्विन बर्फातच राहतात ना बाई?”

बाईंनी नकाशा काढला. हंबोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. त्या किनाऱ्याला लागून जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक, अटाकामा, पसरलेलं आहे. किनाऱ्यालगत समुद्राचा थंड प्रवाह वाहतो, त्यात मासळी मुबलक, म्हणून पेंग्विन तिथे. घरटी करतात ती खडकांच्या कपारीत, नाहीतर समुद्रपक्ष्यांच्या शिटेच्या जुन्या थरांत बिळं उकरून. बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही. उलट उन्हात अंग तापलं तर उष्णता बाहेर टाकायला ती गुलाबी कातडी उपयोगी पडते. पेंग्विनांच्या जाती सुमारे अठरा, त्यांत अंटार्क्टिकाच्या बर्फाशी संसार बांधलेल्या मोजक्याच. एक जात तर थेट विषुववृत्ताजवळ, गालापागोस बेटांवर राहते.

“या चित्रात तू पाहिलेलंही आहे आणि ऐकलेलंही आहे,” बाई म्हणाल्या. “दोन्ही तू एकाच पेन्सिलीने काढलंस. बघणाऱ्याने कोणतं कोणतं हे कसं ओळखायचं?”

मुलीला रडू आलं नाही, राग आला. बक्षीस मिळालेलं चित्र होतं ते. बाईंना ते दिसत असावं. त्यांनी चित्र नीट गुंडाळून परत दिलं आणि एवढंच म्हणाल्या, “रविवारी सकाळी ओहोटी आहे. भुईगावला ये. वही आण, पेन्सिल आण, फोन पिशवीत राहू दे.”

भुईगावचा किनारा वसईच्या पश्चिम पट्ट्यात आहे. केळीच्या वाड्या आणि बावखलं मागे टाकून, सुरूच्या झाडांतून बाहेर पडलं की समोर सपाट ओली वाळू. ओहोटीला पाणी खूप आत जातं. हिवाळ्यात तिथे कुरव आणि सुरय असतात, चिखले असतात, आणि लाटेच्या अगदी कडेने धावणारी छोटी, पांढुरकी पाखरं असतात. लाट मागे सरली की तिच्यामागे धावत जाऊन वाळूत चोच खुपसायची, पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत सुटायचं, हे त्यांचं तासन्‌तास चालतं. ही सँडरलिंग. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात त्यांची वीण होते, तिथला छोटा उन्हाळा संपला की ती निम्मी पृथ्वी ओलांडून दक्षिणेच्या किनाऱ्यांवर उतरतात. वसईचा माणूस रविवारी भेळ खायला समुद्रावर जातो, तेव्हा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आर्क्टिकचं पाखरू पोट भरत असतं. हे जाणून किनाऱ्यावर उभं राहणं आणि न जाणता उभं राहणं यांत फार फरक आहे असं मला वाटतं.

बाईंनी तिला चित्र काढायला शिकवलं नाही, ते तिला येत होतं. त्यांनी तिला थांबायला शिकवलं. पाखरू हललं की चित्र सोडायचं आणि शेजारी दुसरं सुरू करायचं. ते पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं की पहिल्या चित्राकडे परत यायचं. एका पानावर दहा अर्धवट चित्रं झाली तर दहाही ठेवायची, खोडायचं काही नाही. आधी पाठीचा कल, मग अंगाचा घेर, मग पाय अंगातून नेमके कुठून निघतात ते. पिसं शेवटी, तीही दिसली तर. रंग शब्दांत लिहायचा. वारा, वेळ, ओहोटी किती झाली, पाखरू किती लांब, हे पानाच्या कडेला. शाईचं पेन न्यायचं नाही, तुषार उडाले की अक्षर जातं, शिसपेन्सिल टिकते.

तासाभराने बाईंनी वही मागितली. पान पाहून मान डोलावली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

“याची बोटं किती?”

“चार. तीन पुढे, एक मागे.”

बाई काही बोलल्या नाहीत. पाखरं नुकती जिथून धावत गेली होती तिथे तिला घेऊन गेल्या. ओल्या वाळूत पावलं उमटली होती. तीन बोटं. मागे काही नाही.

मुलगी हट्टी होती, आणि हुशारही. म्हणाली, “मागचं बोट आखूड असेल, वाळूला टेकलं नसेल.”

“असू शकेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांना मनापासून आनंद झाला. “पावलावरून तेवढंच कळतं, बरोबर आहे तुझं. आता दुर्बीण घे. थांबलेलं पाखरू शोध आणि बघ.”

तिने बघितलं. कितीतरी वेळ लागला, कारण ती पाखरं थांबतच नाहीत. शेवटी एक पाण्याबाहेर उभं राहून पिसं साफ करू लागलं, तेव्हा पाय स्पष्ट दिसला. मागचं बोट नव्हतंच. सँडरलिंगला ते नसतं, त्याच्या भाऊबंद तुतवारांना असतं. तिने पाहिली होती ती तीनच बोटं. चौथं तिच्या हाताने आपणहून काढलं होतं, कारण पाखराला चार बोटं असतात हे तिला आधीपासून माहीत होतं.

त्या हिवाळ्यात ती भुईगावला जात राहिली, राजोडीला आणि अर्नाळ्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावरही. नायगावच्या मिठागरांत शेकाट्यांचे लांब लाल पाय काढताना तिला कळलं की पाखराचा जो गुडघा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. पुस्तकात हे तिने वाचलेलं होतं. पण शेकाट्या खाली वाकून चिखलात चोच घालताना कुठला सांधा कुठे जातो, हे दहादा चुकल्यावर ते तिच्या हातात उतरलं. त्यानंतर तिने घरी राणीच्या बागेतला पेंग्विन आठवून काढला तेव्हा त्याचे आखूड पाय पहिल्यांदा जागेवर बसले.

बाईंनी तिला एडवर्ड विल्सनची गोष्ट सांगितली ती याच दिवसांत. ती थोडी सविस्तर सांगायला हवी.

विल्सन इंग्लंडचा. शिकला डॉक्टरकी, पण जीव पाखरांत आणि चित्रांत. १९०१ साली कॅप्टन स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेबरोबर तो अंटार्क्टिकाला गेला तो डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार असं तिन्ही होऊन. तिथे रंग वापरता येत नव्हते, कुंचल्यातलं पाणी गोठायचं. म्हणून तो पेन्सिलीने काढायचा. जाड हातमोजा काढायचा, दोन-चार रेघा मारायच्या, बोटं बधिर झाली की हात पुन्हा मोज्यात. ऊब आली की पुन्हा रेघा. कुठल्या जागी कुठला रंग, ते चित्रावरच शब्दांत लिहून ठेवायचा आणि मुक्कामावर परतल्यावर दिव्याच्या उजेडात त्या टिपणांवरून रंगवायचा. दक्षिणेच्या सफरीत चित्रं काढण्यासाठी काळा चष्मा काढून तो बर्फाकडे टक लावून पाहत राहिला आणि हिमांधत्व आलं. डोळे इतके पोळले की पट्टी बांधून, काही न दिसता, तो स्कीवर चालत घसरगाडी ओढत राहिला.

त्याच मोहिमेत क्रोझियर भूशिरापाशी एम्परर पेंग्विनांची वीण होते ती जागा सापडली. त्या काळात माहीत झालेली ती पहिली वसाहत. विल्सनने पिल्लं पाहिली, त्यांच्या वाढीवरून उलटा हिशोब केला आणि ताडलं की हे पेंग्विन ऐन हिवाळ्यात, महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही तेव्हा, अंडी घालत असले पाहिजेत. पण अंडी उबवताना कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या मोहिमेत, २७ जून १९११ रोजी, विल्सन आणि त्याचे सोबती बॉवर्स व चेरी-गॅरार्ड असे तिघे भर काळोखात निघाले. सुमारे शंभर किलोमीटरची वाट. तापमान उणे साठ सेल्सिअसपर्यंत उतरलं. अंगावरचे कपडे गोठून ताठ झाले. वादळाने त्यांचा तंबू उडवून नेला, आणि तो पुन्हा सापडला म्हणूनच ते जगले. पेंग्विन दिसले, शंभराच्या आसपास. पाच अंडी घेतली, दोन वाटेत फुटली. १ ऑगस्टला तिघे तीन अंडी घेऊन परत आले.

ही अंडी कशासाठी? पाखरं सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कशी निपजली, पिसं खवल्यांतून कशी आली, याचा पुरावा अंड्यातल्या गर्भात मिळेल अशी तेव्हाची समजूत होती. अंडी लंडनच्या संग्रहालयात पोचली. १९३४मध्ये त्यांच्यावरचा अहवाल आला तोवर ती समजूतच मागे पडली होती, आणि या अंड्यांनी पेंग्विनांच्या गर्भाविषयी फारशी भर घातली नाही असा निष्कर्ष निघाला.

विल्सनला हे कळायचं नव्हतं. तो मार्च १९१२मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि बॉवर्स यांच्यासह तंबूत मरण पावला. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला ते सापडले तेव्हा घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते. अन्न संपत आलेलं, पाय हिमदंशाने गेलेले, तरी त्यांनी ते दगड टाकले नव्हते. त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हेच ठसे आपल्या विदर्भातल्या कामठी भागातल्या खडकांतही सापडतात. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा हा पुरावा.

“मग त्याची अंडी वाया गेली म्हणायची का बाई?” मुलीने विचारलं.

“अंड्यांवर त्याने जी आशा ठेवली होती ती गेली,” बाई म्हणाल्या. “पण हिवाळ्यात अंडी घालतात हे त्याने ताडलं होतं, ते खरं निघालं. त्याने काढलेले पेंग्विन अजून पेंग्विनच आहेत. ते दगड अजून तेच सांगतात. त्याला काय वाटत होतं ते बदललं. त्याने काय पाहिलं ते बदललं नाही.”

याच विल्सनविषयी वाचता वाचता मुलीला दुसरा एक विल्सन सापडला. अलेक्झांडर विल्सन, अमेरिकेचा जुना पक्षीशास्त्रज्ञ. त्याच्या नावाचं एक पाखरू आहे, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. जेमतेम सात इंचांचं, काळपट तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरं. त्याची वीण अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेच्या बेटांवर, खडकांच्या फटींत होते. आपलं ‘भारती’ केंद्र ज्या लार्समन टेकड्यांत आहे तिथेही. म्हणजे पेंग्विनांचा शेजारीच. तिकडे हिवाळा सुरू झाला की हे पाखरू उत्तरेला निघतं आणि आपल्या पावसाळ्याच्या सुमारास अरबी समुद्रात असतं.

संध्याकाळी ती पुस्तकातलं चित्र आईला दाखवत होती. बाबा बाजूला जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं.

“हे? हे येतं की आमच्या होडीमागं. जाळं वर घेताना. पाण्यावर चालतं.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाही?”

“तू कधी विचारलंस? तू नेहमी तिकडच्याच पाखरांचं विचारायचीस.”

समुद्रावर जाण्याचा हट्ट तिने तेव्हापासून धरला. कोळीवाड्यात पुरुष मासळी आणतात, बायका ती विकतात. मुलीने होडीवर जायची रीत नाही. बाबा महिनाभर नाही म्हणत राहिले. आजी तर बोलेनाशी झाली. पण मुलीच्या वह्या एव्हाना घरातल्या सगळ्यांनी चाळल्या होत्या. खलाशांनी आपापल्या जाळ्यातल्या माशांची चित्रं तिच्याकडून काढून घेतली होती आणि कल्ल्यांची एक रेघ चुकली तरी तिला सांगितलं होतं. शेवटी १ जून ते ३१ जुलैची मासेमारी-बंदी उठली, नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला गेला, आणि त्यानंतरच्या एका फेरीत बाबांनी तिला बरोबर घेतलं.

किनारा दिसेनासा झाला, अर्नाळ्याचा किल्लाही बुडाला. समुद्र अजून शांत झालेला नव्हता. तिला उलट्या झाल्या, पण वही तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरली होती. जाळं वर यायला लागलं तेव्हा एक खलाशी ओरडला, “आली, आली तुझी पाखरं!”

दोन होती. पंख वर धरून, पाय खाली सोडून, ती खरोखर पाण्याच्या पृष्ठभागावर थपथप पावलं टाकत होती. चोचीने काहीतरी टिपायची, वाऱ्यावर तरंगायची, पुन्हा पावलं. होडी वर जायची तेव्हा दिसायची, खाली गेली की लाटेआड. मुलीने एक कोपर मांडीला टेकवलं आणि काढायला लागली. शेपटी चौकोनी, दुभंगलेली नाही. शेपटीच्या मुळाचा पांढरा डाग वरून खाली बगलेकडे वळलेला. पाखरू सरळ उडालं तेव्हा पायांची टोकं शेपटीच्या मागे बाहेर आलेली. हे तिने दोनदा पाहिलं आणि दोनदा काढलं. मग ती पाखरं वाऱ्याबरोबर निघून गेली.

घरी आल्यावर तिने टिपणांवरून ते मोठ्या कागदावर रंगवलं. अंग झालं, पंख झाले, पांढरा डाग झाला. मग ती पायांपाशी आली आणि तिचा कुंचला थांबला.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलच्या बोटांमधले पडदे पिवळे असतात. काळ्या पायांत पिवळे पडदे, ही त्याची नामी खूण. प्रत्येक पुस्तकात दिलेली. पण तिला तो पिवळा रंग दिसला नव्हता. पाण्यावर चमक होती, अंतर होतं, होडी हलत होती. चुलतभाऊ शेजारी बसला होता, तो म्हणाला, “लाव की पिवळा. पुस्तकात पिवळाच आहे ना? खोटं थोडंच होणार आहे?”

तो बरोबर बोलत होता, आणि गोष्टीचा खरा पेच इथे आहे. पेंग्विनांखालचा बर्फ चुकीचा होता. सँडरलिंगचं चौथं बोटही चुकीचं होतं. ती सोडून देणं सोपं. हा पिवळा रंग खरा होता. पाखरू तेच असेल तर त्याचे पडदे पिवळेच असणार. फक्त तिने ते पाहिले नव्हते. खरी गोष्ट, पण आपण न पाहिलेली; ती पाहिली म्हणून मांडायची का? रंगाचा एक ठिपका, कुणाचं काही बिघडणार नव्हतं, कुणाला कधी कळणारही नव्हतं. बहुतेक माणसं इथेच घसरतात असं मला वाटतं. खोटं रचणारे थोडे असतात. खऱ्याची उसनवारी करणारे फार.

तिने कुंचला धुऊन ठेवला. पायांची बाह्यरेघ पेन्सिलीनेच राहू दिली, आतली जागा कोरी. खाली लिहिलं: ‘पडद्यांचा रंग दिसला नाही.’

ते चित्र तिने एका स्पर्धेला पाठवलं. ते परत आलं, मागे शेरा होता: ‘चित्र अपूर्ण.’ तिला फार लागलं. आई बाजारातून परतली होती, पाटी धूत होती. ती म्हणाली, “मी कालचं मावरं कालचं म्हणून सांगते. दोन गिऱ्हाइकं उठून जातात. पण ज्याला मी आजचं म्हणते ते मग कुणी हुंगून बघत नाही.”

बाईंनी तिची वही, चित्र नव्हे, मुंबईतल्या एका जाणत्या पक्षी-अभ्यासकांकडे नेली. त्यांनी पान बराच वेळ पाहिलं. शेपटीचा आकार, डागाचं बगलेकडे वळणं, आणि शेपटीबाहेर आलेले पाय यांवर त्यांनी एकेक करून पेन्सिल टेकवली आणि सांगितलं की पाखरू ओळखायला एवढं पुरेसं आहे, विल्सन्सच आहे. मग कोऱ्या पायांवर पेन्सिल आली आणि थांबली. “ही ओळ वाचल्यावरच मी बाकीचं खरं धरलं,” ते म्हणाले. “पिवळे पडदे काढले असते तर मी आधी हेच विचारलं असतं, की पाहिलेस की पुस्तकातून घेतलेस? आणि मग शेपटीबद्दलही तेच विचारावं लागलं असतं.”

नोंद झाली. तिच्यापुढे दिनांक, वेळ, अर्नाळ्यापासूनचं अंतर, आणि ‘पडद्यांचा रंग दिसला नाही’ हेही.

ती मुलगी अजून अंटार्क्टिकाला गेलेली नाही. पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, वास्कोला अर्ज करायचं मनात आहे. मधल्या काळात बाबांच्या होडीवर एक वही कायमची राहिली आहे. खलाशी तिच्यात पाखरं टिपतात. कुणाला लिहिता येत नसेल तर दुसरा लिहितो. किती दिसली, कुठल्या वाऱ्यात, जाळं टाकताना की वर घेताना. बऱ्याच रकान्यांत ‘दिसलं नाही’ असं लिहिलेलं असतं.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पर्यटकांना एक नियम पाळावा लागतो: पेंग्विनांपासून निदान पाच मीटर लांब राहायचं, आणि ते हलायला लागले तर आणखी मागे सरायचं. वसई-विरारच्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. या हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी भुईगावला, राजोडीला, कळंबला, अर्नाळ्याला जा. साधी वही आणि पेन्सिल न्या. पाखरांचा थवा दिसला की तिथेच थांबा, आणि पाच मीटर नव्हे, त्याच्या कितीतरी पट लांब बसा. त्यांच्या अंगावर गाडी घालू नका, कुत्री सोडू नका, मुलांना थवा उडवायला पाठवू नका. प्रत्येक वेळी उठावं लागलं की त्यांनी खाल्लेलं त्या उडण्यातच खर्च होतं. मार्च-एप्रिलनंतर त्यांना आर्क्टिकपर्यंत जायचं असतं, आणि त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ती याच वाळूतल्या किड्यांवर आणि शिंपल्यांवर साठवतात.